मायाक्काची गाडी आणि धुळाप्पाचा नकाशा

मायाक्कानं सोलापुरात हजारावर बायकांना गाडी शिकवली होती, पण ती स्वतः गाडीवर वैरागच्या पलीकडं कधी गेली नव्हती. हे तिच्या ध्यानात आणून दिलं सुकन्यानं. सुकन्या एका पतसंस्थेत कारकून. मायाक्काकडं शिकायला येऊन तिला चारच दिवस झाले होते. मैदानावर इंग्रजी आठचा आकडा काढून दमल्यावर तिनं सहज विचारलं, "बाई, तुम्ही सगळ्यात लांब कुठं गेलात गाडीवर?"

"वैरागला. नणंदेकडं."

सुकन्या पुन्हा आठचा आकडा काढायला गेली, पण मायाक्काला आपलंच उत्तर दिवसभर टोचत राहिलं. ती सांगोल्याकडच्या मेंढपाळाची लेक. लहानपणी कळपामागं चालताना दर टेकाडावर बापाला विचारायची, "आबा, ह्याच्या म्होरं काय हाय?" लग्न होऊन शहरात आली आणि नवऱ्याची दीडशे सीसीची मोटरसायकल तीच शिकली, कारण धुळाप्पाला दोन चाकांवर तोल सांभाळता येत नव्हता. तो टॉवेलच्या कारखान्यात वायरमन. विजेच्या खांबावर सरसर चढणारा हा गडी गाडीवर मात्र कायम मागंच बसायचा.

त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "अवं, आपण नेपाळला जाऊ. गाडीवर."

"नेपाळ? ते परदेश हाय की!"

"म्हणून तर जायचं. पासपोर्ट लागत न्हाय, मतदानाचं कार्ड चालतंय. सरहद्दीवर गाडीचा परवाना काढला की झालं."

"आन् वाट कोण दावणार?"

प्रश्न खरा होता. दुसऱ्या दिवशी ती नव्या पेठेत गेली. दुकानदारानं गाडीवर बसवायचं जीपीएसचं यंत्र काढून दाखवलं. किंमत ऐकून तिनं ते काचेवर हळूच ठेवलं. वर तो म्हणाला, "नेपाळचा नकाशा वेगळा घ्यावा लागतो, ताई."

"एवढ्यात जुनी गाडी येती की दुसरी!" म्हणत ती बाहेर पडली.

तोडगा सुकन्यानंच काढला. तडा गेलेला आपला जुना फोन घेऊन ती घरी आली. "लोकांनी मिळून केलेला नकाशा असतो, फुकट. अख्खा भारत आणि नेपाळ इथंच उतरवून घेतलाय मी. तिथं नेट नसलं तरी चालतो."

धुळाप्पानं फोन उलटसुलट करून बघितला. "नेट न्हाय, सिम न्हाय, मग आपण कुटं हाय हे ह्याला कोण सांगतं?"

"वरचे उपग्रह, काका. त्यांचं बिल येत नाही."

धुळाप्पाचा काही विश्वास बसेना. रविवारी वैरागला आडवाटेनं जाऊन बघायचं ठरलं. मायाक्का पुढं, धुळाप्पा फोन धरून मागं. तो ओरडत होता "डावीकडं, डावीकडं", पण वाऱ्यात तिला अक्षर ऐकू येत नव्हतं. शेवटी गाडी सरळ एका द्राक्षबागेत घुसली. बागवाल्यानं आधी शिव्या दिल्या आणि हकिकत कळल्यावर पाणी दिलं. तिथंच बांधावर बसून नवराबायकोनं तह केला. उजव्या खांद्यावर थाप म्हणजे उजवीकडं, डाव्या खांद्यावर म्हणजे डावीकडं, आणि दोन्ही खांद्यांवर म्हणजे थांब. पुढं कुणालाही न विचारता ते नणंदेच्या दारात उतरले. धुळाप्पा चहा प्यायच्या आधी सगळ्यांना स्क्रीनवरचा निळा ठिपका दाखवत सुटला.

त्या दिवसापासून त्याला नुसता नाद लागला. गाडीच्या बॅटरीवरून त्यानं चार्जर जोडला, फोनला पावसाचं कव्हर शिवून आणलं. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तो "बुटवल, पोखरा, बेनी, जोमसोम" अशी नेपाळातल्या वाटेवरची गावं घोकत बसायचा.

ऑक्टोबरात ते निघाले. सहाव्या दिवशी सुनौलीची सरहद्द आली. परवान्याचे कागद झाले, गाडी कमानीखाली आली आणि मायाक्काच्या रोजच्या फोनचं नेटवर्क गेलं. धुळाप्पा जुन्या फोनकडं श्वास रोखून बघत होता. निळा ठिपका सरहद्दीच्या रेघेपाशी आला, अडखळला आणि पलीकडं गेला.

"मायाक्का, चाललाय! ठिपका चाललाय की गं!" आणि आनंदाच्या भरात त्यानं तिच्या दोन्ही खांद्यांवर थाप मारली. तिनं करकचून ब्रेक दाबला. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. दोघं रस्त्याकडेला उभी राहून पोट धरून हसली.

खरी परीक्षा बेनीच्या पुढं झाली. दरड कोसळून रस्ता बंद होता, बस-ट्रकांची लांबलचक रांग लागलेली. माणसं चुली मांडून बसली होती. धुळाप्पानं नकाशा बोटांनी मोठा केला. "हितं बघ. नदीवर बारीक रेघ हाय. पलीकडनं कच्ची वाट जाती, आन् म्होरं ह्याच रस्त्याला लागती."

ती रेघ म्हणजे झुलता पूल निघाला. माणसाच्या दोन हातांएवढा रुंद, खाली पांढरी फेसाळती नदी. मक्याची कणसं विकणारी एक बाई म्हणाली, "बाइक जाती है दीदी, धीरे-धीरे."

धुळाप्पा बॅगा घेऊन आधी चालत पलीकडं गेला. मायाक्कानं पहिला गिअर टाकला. पूल डुलायला लागला. पण हँडल ताठ, नजर चाकाकडं नाही, लांब पुढं. हजार बायकांना हेच तर सांगितलं होतं. पलीकडच्या मातीला चाक लागलं तेव्हा तिच्या तोंडातून अशी आरोळी निघाली, की डोंगराच्या चढावरची बकरी माना वर करून बघायला लागली. तिच्या मागोमाग अडकून पडलेल्या आणखी पाच दुचाक्या पुलावर आल्या. पहिलीवर एक शाळामास्तरीण होती. तिनं उतरून मायाक्काचा हातच हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जोमसोमला पोचले. समोर बर्फाचा डोंगर, तो बघायला मान मागं टाकावी लागत होती. इथूनच परत फिरायचं ठरलेलं होतं. मायाक्का गरम सूप पीत म्हणाली, "बास, लई झालं. उद्या सकाळी उलटं फिरू."

धुळाप्पाचं सुपाकडं लक्षच नव्हतं. "अगं, वर आजून रस्ता दावतोय. मुक्तिनाथ. वीस-बावीस किलोमीटर."

"चढ किती हाय?"

"लई हाय."

ती वाटी खाली ठेवून उठली आणि म्हणाली, "मग बसलाय काय? टाकी भरून घेऊ चला."