खंडेनवमीचा मान

गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून लेकीचं पाठांतर घ्यायचं काम माझ्याकडे. तिच्या क्लासात इंग्रजी शब्द मुळासकट शिकवतात. त्या दिवशी 'पवित्र' या अर्थाचं लॅटिन मूळ होतं. मी वहीतल्या अर्थांवर हात ठेवायचा आणि तिनं घडाघडा म्हणायचं. सेंट म्हणजे संत. सँक्च्युअरी म्हणजे अभयस्थान. सँक्शन म्हणजे मंजुरी. घ्या, मंजुरीसुद्धा पवित्र! आमचा सुपरवायझर रजेचा अर्ज आठ-आठ दिवस खिशात घालून फिरतो, त्याला सांगायला पाहिजे.

मग आला सॅक्रिफाइस. बलिदान, मुळातला अर्थ पवित्र करणं. माझं डोकंच फिरलं.

चाकणला मी पत्रा दाबायच्या प्रेसवर आहे. हात आत असला की सेन्सर मशीन थांबवतो. पण मशीन थांबलं की माल कमी निघतो, म्हणून सुपरवायझरनं सेन्सर बंद करून ठेवला होता. सगळ्यांना माहीत होतं राव, मलाही. गेल्या भादव्यात माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्यात ऑफिसातले साहेब कागद घेऊन आले. सेन्सर मीच बंद केला, असं त्यावर लिहिलेलं. सही केली तर नोकरी राहील म्हणाले. मी डाव्या हातानं सही केली. घरीही तेच सांगितलं, नाहीतर बायको कंपनीच्या गेटवर भांडायला गेली असती.

पुढं खंडेनवमी आली. प्रेस धुऊनपुसून, झेंडूची माळ घालून सजवलेली. साहेब म्हणाले, "या मशीनचा मान तुझा, पूजा तू कर." आणि मी बावळटासारखी केली हो! बँडेजच्या हातानं तिला हळदकुंकू वाहिलं, डाव्या हातानं नारळ फोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पवित्र कोण झालं, तर ती प्रेस! बोटांचं दुखणं गेलं, त्या पूजेची लाज काही जात नाही.

"पप्पा, आता वाक्यात उपयोग," लेक म्हणाली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "लिही, माझ्या बापानं दोन बोटांचं बलिदान दिलं."

तिनं पेन खाली ठेवलं आणि लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली, "तो ॲक्सिडेंट होता पप्पा. सेन्सर तुम्हीच बंद केला होता ना? मग बलिदान कसं म्हणायचं?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. आत बायकोचं लाटणं थांबलं होतं.

"पुढचा शब्द घे," मी म्हणालो.