नारपोलीतली तिसरी व्हिजिट

“चित्र परत फुटलं,” संगीता वहिनी फोनवर म्हणाल्या. “चेहऱ्यांचे चौकोन होतात आणि मग नुसता काळा पडदा. काका रिमोट ठेवून ओट्यावर जाऊन बसलेत. आमचे हे म्हणतात, केबल परत जोडून घ्या.”

नारपोलीतलं हे घर मीच केलं होतं. केबल काढून छत्री बसवली, तक्रार आली म्हणून एकदा जाऊनही आलो. आता दुसरी तक्रार.

वीस वर्षं मी भिवंडीत केबलच्या वायरी ओढल्या. लोक केबल सोडायला लागले तसा आमच्या शेठनी धंदा बदलला. आता आम्ही केबलच्या जागी दोन गोष्टी बसवतो. एक छत्री, म्हणजे डिश अँटेना. तिच्यावर फुकटचे चॅनेल थेट उपग्रहावरून येतात, खाली एक सेट टॉप बॉक्स लागतो. दुसरी गोष्ट वायफायचा राउटर आणि टीव्हीच्या मागे खोचायची बोटाएवढी स्टिक. तिच्यावर इंटरनेटवरून सिनेमे, मालिका दिसतात. याला स्ट्रीमिंग म्हणतात.

या घरात ते सगळं काशिनाथ काकांसाठी चाललं होतं. काका वहिनींचे सासरे. चाळीस वर्षं लूमवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे. त्या खडखडाटात कान गेले. कानाचं मशीन घातलं की डोक्यात नुसती खरखर होते म्हणून ते डबीतच पडून असतं. समोरच्याचे ओठ वाचून मात्र ते सगळं बोलणं समजून घेतात. लूमवर सगळेच ते शिकतात, दुसरा इलाज नसतो. पण टीव्हीतली माणसं पाठ फिरवूनही बोलतात. मग काका आवाज पूर्ण वाढवायचे. शेजारी भांडायला आले. नात दहावीला, तिचा अभ्यास होईना. एक दिवस काका म्हणाले, “मला टीव्ही नको,” आणि संध्याकाळी एकटे ओट्यावर बसायला लागले.

वहिनींना कुणीतरी सांगितलं, स्ट्रीमिंगवर माणसं बोलतात ते खाली लिहून येतं. म्हणून त्यांनी हा घाट घातला. बातम्या आणि कबड्डीसाठी आधी छत्री, वायफाय नंतर. आणि छत्रीच धड चालेना. “पहिलंच चालत नाही, दुसरं कशाला?” असं वहिनींच्या मिस्टरांचं म्हणणं. तेही चूक कुठे होतं?

मी बॅग उचलली तर शेठ म्हणाले, “तिसऱ्यांदा चाललास? केबल जोडून दे आणि मोकळा हो.”

“आजचा दिवस द्या, शेठ.”

“मंगळवारी एवढी कामं असताना? शुक्रवारी जा ना, नेहमीसारखा.”

“शुक्रवारपर्यंत घरात केबल आलेली असेल.”

पोचल्यावर मीटर लावला. हा सिग्नल दाखवतो. आधीच्या दोन्ही वेळी आकडा खिळ्यासारखा एका जागी उभा होता. आज तो सत्तरवरून वीसवर, परत साठवर, असा नाचत होता. छत्रीच्या तोंडासमोर जो छोटा डबा असतो त्याला एलएनबी म्हणतात, उपग्रहाचा सिग्नल तो पकडतो. तो मी मागच्याच वेळी बदलला होता. कनेक्टर नवे होते. आज बॅगेतला बॉक्स लावून पाहिला. तेच.

मी गच्चीवर गेलो. छत्री मागच्या भिंतीला क्लॅम्पने बसवली होती, कारण तिथून आग्नेयेचं आभाळ मोकळं होतं. मी नट आवळत होतो तेवढ्यात काका हळूहळू जिना चढून आले. थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी छत्रीच्या पाइपवर तळवा टेकवला.

“चालू हाय,” ते म्हणाले.

“काय चालू आहे?”

“मागचं खातं. हात लाव.”

मी हात लावला. तळव्याला मुंग्या आल्यासारखं झालं. ती भिंत मागच्या खात्याला, म्हणजे लूमच्या शेडला, लागूनच होती. आवाज मलाही येत होता. पण भिवंडीत जन्मलेल्या माणसाला लूमचा आवाज ऐकू येतो कुठे? तो कानावर पडतो आणि तसाच जातो.

“तू दोन्ही बारीला शुक्रवारी आलास,” काका म्हणाले. “शुक्रवारी लूम बंद असतात.”

छत्री उपग्रहावर नेम धरून बसलेली असते. ती दिवसभर थरथरली की नेम चुकतो आणि नटही ढिले होतात. हे मला पुस्तकात शिकवलं नव्हतं, पण सुचायला हवं होतं.

खात्री करायला आम्ही दोघं शेडमध्ये गेलो. मी मुकादमाला ओरडून विचारलं, “भाई, इस दीवारवाले लूम पाँच मिनट बंद करोगे?”

“पाँच मिनट का कपड़ा तुम बुनोगे क्या?” तो म्हणाला. मग त्याचं लक्ष मागे उभ्या काकांकडे गेलं. “अरे उस्ताद, आप?” आणि त्याने स्वतः जाऊन भिंतीकडचे लूम बंद केले.

मी धावत वर आलो. मीटरचा आकडा स्थिर होता.

आता छत्री भिंतीपासून सोडवायची, पण ठेवायची कुठे? काका म्हणाले, “लूमच्या पायाखाली आम्ही रबर टाकायचो. न्हायतर जमीन पन हालते.” ते ऐकून मला टायर सुचला. भिवंडीत गोदामं एवढी आहेत की ट्रकचा जुना टायर मागितला की मिळतो. टायर आणला, मध्ये लोखंडी पाइप उभा केला आणि सिमेंट भरलं. दोन दिवस सुकू दिलं. मग पुढच्या अंगणात त्या पाइपवर छत्री चढवली. पाइपची उंची काकांनी ठरवली, शेजारच्या पाण्याच्या टाकीच्या वरून आभाळ दिसेल अशी. भर शिफ्टमध्ये मीटर लावला. आकडा हलला नाही. वहिनींचे मिस्टर थोडा वेळ बातम्या बघत उभे राहिले आणि म्हणाले, “वायफायचं कधी करताय?”

पुढच्या आठवड्यात राउटर आणि स्टिक बसवली. लिहून येणाऱ्या मजकुराला सबटायटल म्हणतात. मराठीत ते फार कमी सापडलं, हिंदीत बरंच. काका सातवी शिकलेले, दोन्ही वाचतात. अक्षरं मोठी करून दिली, मागे काळी पट्टी लावली. एक विनोदी सिनेमा लावून आम्ही सगळे बसलो. आवाज एवढा कमी की पंखा ऐकू येत होता. थोड्या वेळाने काका मोठ्याने हसले. आम्ही त्यांच्याकडे बघायला लागलो, कारण पडद्यावरचा माणूस अजून बोलायचा होता.

“आजोबा, आधीच वाचून हसू नका ना!” नात चिडली.

“मग तू पन वाच,” काका म्हणाले आणि परत हसले.

त्या गल्लीत मी नंतर आणखी सहा घरं केली. सहाही छत्र्या टायरवर आहेत. दुकानाच्या तक्रारवहीत एक नवा रकाना आखला आहे, चित्र कोणत्या वारी आणि किती वाजता फुटतं याचा. काय बिघडलंय ते गिऱ्हाईक आपणहून सांगतं. कधी बिघडतं, ते आपल्याला विचारावं लागतं आणि तेव्हाच जावं लागतं.