आधी सांगा, मग टाका

प्रश्न विचारला म्हणून मास्तरांनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. तो राग अजून आहे, म्हणून शिकवणाऱ्यांना मी भावात सूट देत नाही. पण आष्टीतल्या माझ्या भांड्यांच्या दुकानात येणाऱ्या अंगणवाडीच्या ताई वेगळ्याच. वस्तू उलटीपालटी करत विचारतात, "मामा, हे तरंगल का बुडल? आधी सांगा, मग टाकू."

परवा ताई अंगणवाडीतल्या पोरांनाच घेऊन आल्या आणि पाण्यानं भरलेला टब दारात मांडला. अंगणवाडीत तोंड न उघडणारी माझी नात छोट्या लोखंडी कढईकडं बोट करून पुटपुटली, "तरंगल."

"लोखंड हाय ते, येडे. बुडणारच," मी ओरडलो.

ती ताईंच्या मागं लपली. ताईंनी हातानंच मला थांबवलं. "मामा, तुमचं सांगून झालं. आता तिचं ऐकू. कावून तरंगल गं?"

"खोलगट हाय. होडीवानी."

तिनंच कढई पाण्यावर ठेवली. कढई डुलत तरंगली आणि पोरांनी दुकान डोक्यावर घेतलं. नातीनं लगेच उलथनं उचललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे बुडल."

गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मी त्याला म्हणालो, "थांब की बे, उलथनं टाकायचं राहिलंय."