बंडू बोकडाचा वकील

"कापा! आजच्या आज कापा त्या बोकडाला!"

ही माझी सख्खी मोठी बहीण, आक्का. ती ओरडत होती आमच्या गच्चीवरून. आमचं गाव इस्लामपूरजवळ. पण त्या आवाजानं पाचगणीच्या बोर्डिंगातली पोरं ताट सोडून रांगेत उभी राहिली असणार, याची मला खात्री आहे. तिच्या पायाशी रिकामं प्लास्टिक. सकाळी त्यावर गुलाबी कुरडयांची लांबलचक रांग होती. आता त्या जागी आमचा बंडू बोकड उभा होता. शांतपणे रवंथ करत!

कुरडया साध्या नव्हत्या, आक्काच्या लेकीच्या, सानूच्या रुखवताच्या होत्या. आक्काच्या माधवनगरच्या फ्लॅटमध्ये ऊन विचारून आत येतं, म्हणून गहू, सोऱ्या आणि गुलाबी, हिरवा रंग घेऊन ती वाळवणाला माहेरी आलेली.

"साताऱ्याचे पाव्हणे रुखवत बघून काय म्हनतील? पोरीच्या आईला कुरडई जमंना! ते काय न्हाई, जत्रंची वाट बघायची न्हाई, आजच ह्यो बोकड पडनार!"

माझी बायको मंगल जिना चढून धावत आली. बंडूची आई तो जन्मला तेव्हाच गेली. मंगलनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. (मला मलेरिया झाला तेव्हा मला बाटली सोडा, कपसुद्धा आपटून मिळायचा!)

"वन्सं," ती हळू आवाजात म्हणाली, "बंडूला सुरी लागली, तर मी माहेरची गाडी धरीन. परत येनार न्हाई."

आता सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. कारण दुपारभर छत्री आणि काठी घेऊन कुरडयांच्या राखणीला बसवलं होतं, ते मला!

"मी पापणीसुद्धा लवू दिली न्हाई," मी छातीवर हात ठेवून म्हणालो. हे शंभर टक्के खरं होतं. फक्त पापणीच्या समोर कुरडया नव्हत्या, मोबाइल होता.

त्याचं कारण सानू. पोरगी सांगलीत वकिली शिकते. तिनं मला एक जपानी कार्टून मालिका दाखवली. "मामा, येकच भाग बघा." मालिकेत कोर्ट होतं, न्यायाधीश होते, पण वकिलांच्या हातात फायलींऐवजी जादूच्या कांड्या! निळ्या केसांची वकीलबाई कांडी फिरवून मंत्र टाकायची आणि गुन्ह्याचा क्षण जसाच्या तसा कोर्टात पुन्हा उभा राहायचा. जपानी माणसं अस्खलित हिंदीत भांडताना बघून मी असा गुंतलो, की माझ्या उसाचं पाणी शेजाऱ्याच्या हरभऱ्यात पोहोचलं तरी मी कोर्टातून हललो नाही. घरातही सुरू झालो. "हरकत! चहात साखर कमी!" मंगल म्हणायची, "हरकत घाला चुलीत."

तर त्या दिवशी गच्चीवर मी गरजलो, "हरकत आहे! आरोपीला वकील मिळालाच पायजे!"

माझे वडील, आप्पा, फौजेतले निवृत्त सुभेदार. त्यांनी खुर्ची मागवली. "कोर्ट भरलं. बोल." मी उसाला पाणी पाजायचा काळा रेनकोट चढवला (भर उन्हाळ्यात!) आणि मंगलचं लाटणं हातात घेतलं. तोवर शेजारपाजार कठड्यावर येऊन बसला होता.

"आक्का, तू बंडूला खाताना बघितलंस?"

"त्याचं तोंड हलत हुतं की!"

"तोंड तर आप्पांचं पण दिवसभर हलतं. कुरडया त्यांनी खाल्ल्या?"

आप्पांनी तंबाखू गालात सरकवला. "कोर्टाला मधी आनू नगंस."

पलीकडच्या प्लास्टिकवर हिरव्या कुरडया उरल्या होत्या, त्यातली एक मी बंडूपुढे धरली. त्यानं हुंगली आणि तोंड फिरवलं. "बघा! आरोपी कुरडई खातच न्हाई!"

"गुलाबी खाऊन पोट भरलंय त्याचं!" आक्का ओरडली. कठडा "व्हय, व्हय" म्हणाला. आप्पांनीही मान हलवली. मंगलनं पदर डोळ्याला लावला. केस बुडाली!

मग मी अखेरचं अस्त्र काढलं. लाटणं आभाळाकडे करून म्हणालो, "घडलेला क्षण परत उभा राहू दे! दुपारी हुतं तस्संच सगळं मांडा!"

मांडलं. छत्रीखाली मी. उजव्या हाताशी उरलेल्या हिरव्या कुरडया. बंडू मोकळा. सानूनं तोच भाग लावून दिला, मी कानात मोबाइलची बोंडं घातली. बेत साधा होता: बंडू येईल, कुरडयांना तोंड लावणार नाही, निर्दोष सुटेल.

पण काय सांगू, तो भागच तसला! वकीलबाईची कांडी मोडलेली, आरोपी ढसाढसा रडतोय, दगडी न्यायाधीशानं हातोडा उचललेला... तिनं मोडक्या कांडीनंच मंत्र टाकला आणि आरोपी सुटला!

"निर्दोष!" मी बोंडं उपटून ओरडलो. "सुटला गड्या!"

सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी खाली बघितलं. माझ्या ओठातून हिरव्या कुरडईची शेवटची तार लोंबत होती. (अर्धवट वाळलेली कुरडई काय लागते! चिवट, खारट, अमृत!) हात पुढच्या कुरडईवर पोहोचलेला. बोटं हिरवी झाली होती. अंगठा मात्र दुपारचाच, गुलाबी. दुपारी भूक कशी लागली नाही, याचा उलगडा तिथं झाला. बंडू लांब सावलीत बसला होता, माझ्याकडे पाठ करून.

सानूनं विचारलं, "मामा, दुपारी ह्यो भाग दोनदा बघितलासा का?"

"तीनदा."

आप्पा उठले. "बोकड निर्दोष. वकील उद्यापास्नं सोऱ्या दाबंल."

मंगलनं बंडूला मिठी मारली. पोरांनी त्याला हार घालून गावातून मिरवला, पुढे हलगी! मिरवणुकीत मी सगळ्यात पुढे, रेनकोटातच. हसा खुशाल! अशिलासाठी स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारा वकील जपानात तरी आहे का? पहाटे उठून मी इतकी कुरडई पाडली, की दंड सुजले. पण साताऱ्याचे पाहुणे रुखवतापुढून हलेनात. आक्कानं "भावानं केल्यात" असं स्वतःच्या तोंडानं सांगितलं!

लग्नाहून परतल्यावर मी ऐटीत मंगलला म्हणालो, "तुझा बंडू वाचवला. आता वकिलाची फी?"

बंडूपुढे पाला टाकत ती म्हणाली, "ती तुमी आदीच खाल्लीसा."