नीटच्या घरात मकाव

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की लातूरच्या एका घरात मकाव पोपट यावा की न यावा, याचा निकाल त्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता माझ्या तोंडून लागणार होता. मी हो म्हटलं की पुण्याहून गाडी निघणार आणि रविवारी निळा-पिवळा पक्षी, हातभर शेपटीसकट, हॉलमध्ये.

मी नांदेडला जनावरांची डॉक्टर. गाई-म्हशी रोजच्याच, पण पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचा नाद जुना. म्हणून त्या घरच्या अप्पांनी मला बोलावलं होतं. अप्पांची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत; त्यांच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं, मेडिकल. एकुलती लेक गौरी नीटला बसणार, म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा.

"या मॅडम," अप्पा कुजबुजले. मला वाटलं, घसा बसलाय. मग वहिनीही कुजबुजल्या, "चहा घेणार न्हवं?"

हळूहळू उलगडा झाला. दाराच्या बेलची वायर काढलेली. देवघरातल्या घंटेला कापूस गुंडाळलेला. वरण शेजारच्या जाऊबाईंकडून शिजून येतं, कारण कुकरला शिट्टी असते. आत गौरी अभ्यास करत होती.

"अप्पा, मकावच कशाला?" आता मीही कुजबुजत होते.

"पोरगी दिवसभर खोलीत एकटी. आमी दोघं दुकानावर. तोंडातून शब्द काढीना झालीय. बोलणारा पोपट आला की लेकरू रमंल."

कारण खोटं नव्हतं. म्हणून मी लगेच नाही म्हटलं नाही. नेहमीचा पहिला प्रश्न विचारला, "पक्ष्याजवळ रोज कोण बसणार?"

वहिनींनी मोबाईलवर कॅलेंडर उघडलं. "मला रविवारी दुपारी अर्धा तास जमंल."

"मला मोंढा बंद असला तर."

"आणि गौरी?"

"तिला कुठं टाइम हाय!" दोघं एकदम म्हणाले. अर्थात हळूच.

मी समजावून सांगितलं. मकाव म्हणजे तीन वर्षांचं मूल, फक्त अक्रोड फोडणारी चोच असलेलं. ते कधी मोठं होत नाही आणि पन्नास वर्षं जगू शकतं. एकटं पडलं की स्वतःचीच पिसं उपटतं. आम्ही त्याला फेदर प्लकिंग म्हणतो. छाती सोललेल्या कोंबडीसारखी दिसते. परदेशी पक्ष्याची सरकारी नोंदणी लागते. ते कागद अप्पांनी चोख तयार ठेवले होते. अडचण कागदांची नव्हतीच.

"आणि आवाजाचं काय?"

"आवाज काय मॅडम, पोपटच तर हाय. मिठू-मिठू करंल. लईच केला तर पिंजऱ्यावर चादर टाकू."

म्हणजे त्या जिवानं जन्मभर चादरीखाली बसायचं. आता बोलून उपयोग नव्हता. मी कप खाली ठेवला, उभी राहिले, ओढणी खांद्यावरून मागं टाकली आणि मकाव सकाळ-संध्याकाळ ओरडतो, अगदी तशी ओरडले. तीनदा. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये याच आवाजावर मला बक्षीस मिळालं होतं. तेव्हापासून योग्य संधी आली नव्हती.

वहिनींचा चहा बशीत सांडला. वरच्या मजल्यावरची भाडेकरू पोरं पुस्तकं घेऊन जिन्यात आली. जाऊबाई अनवाणी धावत आल्या, "अगं बाई, कोण गेलं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "मकाव ओरडला."

अप्पांनी विभूती लावलेलं कपाळ धरलं. "हे... रोज?"

"दिवसातून दोनदा तरी. मूड असला तर जास्त."

अप्पांनी तिथंच पुण्याच्या पक्षीवाल्या डीलरला फोन लावला. "गाडी काढू नका. न्हाई, पक्ष्यात खोट न्हाई. आमच्यात हाय."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एवढंच शिकले. पक्षी घेताना त्याची तब्येत सगळे तपासून घेतात, घराची तब्येत कोणी तपासत नाही. आणि गिऱ्हाइकाला दहा मिनिटं समजावण्यापेक्षा कधीकधी तीनदा ओरडलेलं स्वस्त पडतं.

एवढ्यात आतलं दार उघडलं. गौरी उंबऱ्यात उभी. एका हातात हायलाइटर, दुसऱ्या हातानं पोट धरलेलं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं. वहिनी तिच्याकडे बघतच राहिल्या. आणि त्या घरात कोणाची बोलायची टाप नव्हती अशा मोठ्या आवाजात पोरगी म्हणाली,

"पप्पा, पोपटाचं ऱ्हाऊ द्या! ह्या मॅडमलाच ठेवून घ्या!"