भोरड्या पाहायला गेलेली गाडी

वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चालायचा तेव्हाची गोष्ट. चिखलीपलीकडे पैनगंगेच्या काठी इंद्रभानजींचं मोठं कुरण होतं. गाईम्हशी भरपूर. दूधदुभतं त्यांच्या बायकोकडे, अन्नपूर्णाबाईंकडे; पण बाईंचा जीव पाखरांत. फाल्गुनात पळस फुलला की धारा आटोपून त्या कुरणात जायच्या आणि उन्हं चढेपर्यंत भोरड्या बघत बसायच्या. गाव हसायचं. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

त्या वर्षी गोठ्यात घसरून त्यांचा पाय मोडला. हाड जुळलं, पण लांब चालवेना.

"मले कुरणात घेऊन चला," एका सकाळी त्या म्हणाल्या.

"पाखरं पाह्याले गाडी जुपू काय?" इंद्रभानजी हसले. "कपिला रातच्यानं घरी आली नाही. गाभण गाय. मी तिले शोधाले जाऊन राह्यलो."

"मंग दोघं मिळून शोधू."

इंद्रभानजींनी गाडीत कडबा पसरला आणि बाईंना वर बसवलं.

कुरणातले पळस भोरड्यांनी गजबजले होते. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ती पाखरं फुलांत चोची खुपसत होती, एकमेकींशी भांडत होती. एका म्हशीच्या पाठीवर कोतवाल पक्षी ऐटीत बसला होता. अन्नपूर्णाबाई पाय विसरल्या. इंद्रभानजी मात्र झुडपाझुडपांतून कपिलेला हाका मारत फिरत होते.

तेवढ्यात नाल्याकडे टिटव्या ओरडू लागल्या. वर घारी घिरट्या घालत होत्या आणि कावळे एकेक करून तिथंच उतरत होते.

"नाल्यात काहीतरी हाय," बाई म्हणाल्या.

"मेलेलं कुत्रं असन."

"असन तं असन. पाहून तं या."

इंद्रभानजी नाल्यात उतरले. बाई गाडीच्या कडेवरून नाल्याकडे वाकल्या. कपिलेचं काही बरंवाईट तर झालं नसेल? मग खालून हाक आली, "कालवड झाली हाय. पांढरीशुभ्र."

कपिला नुकतीच व्याली होती आणि शिंगं रोखून कावळ्यांना हुसकावत होती.

ओली कालवड बाईंच्या मांडीवर आली, लुगड्याची दशा झाली. हंबरणारी कपिला गाडीच्या मागून निघाली. वाटेत इंद्रभानजींनी आपणहून बैल थांबवले. बाभळीवर एक निळसर पाखरू बसलं होतं.

"हे कोन्तं?"

"मले नाही माहीत," बाई म्हणाल्या.

दोघंही मान वर करून बघत राहिले, कपिलेनं मागून गाडीला ढुशी देईपर्यंत.