जुन्या कापडाचा दाखला

आईने गेल्या जानेवारीत राहात्याहून माझ्या परदेशातल्या बहिणीला पाठवलेली गोधडी तिकडच्या सीमाशुल्क गोदामात अडकली. बहिणीला तेव्हा आठवा महिना सरत आला होता.

गोधडी आईच्या तीन जुन्या सुती साड्यांची होती. आमच्याकडे बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे आईला बाळंतपणाला जाता येणार नव्हतं. तिच्याऐवजी गोधडी जायची होती.

कुरियरच्या दुकानात फॉर्म भरताना मी शेजारी उभा होतो. वस्तू नवी की वापरलेली, असा एक रकाना होता.

“बाई, नवी म्हना,” दुकानदार म्हणाला. “जुनं लिवलं की तिकडं अडवत्यात.”

“जुनीच आहे. मुद्दाम जुनी आहे.”

“कोन उसवून बघतंय?”

“सही माझी आहे. तीस वर्षं शाळेत दाखले लिहिले, एक खोटा लिहिला नाही.”

“मंग आता तुमच्याकडं बी दाखलाच मागतील,” तो हसला आणि तिने सांगितलं तसं टाइप केलं.

दहाव्या दिवशी गोदामाचा ईमेल आला. वापरलेलं कापड जंतुमुक्त केल्याचा दाखला पंधरा दिवसांत सादर करावा.

आरोग्य केंद्रातले डॉक्टर म्हणाले, “माणसाचा देतो. गोधडीचा कुठल्या रजिस्टरात लिहू?” पुण्यात असा दाखला देणारी एक कंपनी सापडली. त्यांनी माल समोर आणायला सांगितलं. माल दाखल्याअभावी परदेशातल्या गोदामात होता. हे गोदामाला लिहून कळवलं, तर उत्तरात पहिलाच ईमेल पुन्हा आला. बहिणीने तिथून फोन केला. खुलासा फक्त पाठवणाऱ्याचा चालेल, असं तिला सांगण्यात आलं. पाठवणाऱ्या बाईचे तोवर तीन खुलासे गेले होते. ते कोणी वाचल्याची खूण एकाही उत्तरात नव्हती.

खरं सांगितलं म्हणून तिच्याकडे पुरावा मागायचा आणि पुरावा देण्याची वाटही बंद ठेवायची, याला कामकाज म्हणतात. ‘नवं’ लिहिलेली जुन्या कपड्यांची दोन गाठोडी त्याच आठवड्यात त्याच दुकानातून गेली आणि बिनबोभाट पोचली. हे मला दुकानदारानेच सांगितलं, अभिमानाने.

शेवटी आई म्हणाली, “नको तो दाखला. माझी गोधडी मला परत द्या म्हणावं.”

परत मागवण्यासाठी आम्ही दुकानातून फॉर्मची प्रत घेतली. माल पोचवता आला नाही तर काय करावं, या शेवटच्या ओळीत ‘नष्ट करावा’ या पर्यायावर पेनाने खूण होती. आईने सही केली तेव्हा ती खूण नव्हती.

“सगळ्यांच्याच फॉर्मवर आमी तिथं टिक मारतो,” दुकानदार म्हणाला. “परत मागवायचा खर्च कोन देतंय?”

“मला विचारलंत?”

“खाली सही हाय ना, बाई.”

ती खूण आईची नाही, माल परत पाठवावा, असं पत्र त्याच दुपारी आईच्या सहीने गोदामाला ईमेल केलं. उत्तर आलं नाही.

बुधवारी बहिणीला मुलगी झाली. शुक्रवारी कुरियरच्या वेबसाइटवर पार्सलच्या क्रमांकापुढे नोंद आली: पाठवणाऱ्याच्या सूचनेनुसार माल नष्ट केला.